घोडबंदरची खाडी, दोन बादल्या आणि माझा वाढपी हात

भाईंदरच्या जेसल पार्कातून घोडबंदरला जायचं आणि त्यावर ब्लॉग लिहायचा, म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन आल्यावर काशीयात्रेचं मावंदं घालण्यासारखं आहे, असं आमच्या सौभाग्यवतींचं मत. असू दे. हिमालयावरही मी पोस्ट लिहिली होती, पण तिथे माझ्या हातून काही बिघडलं नव्हतं.

आमची सायली घोडबंदरच्या अलीकडे, खाडीच्या अंगाला असलेल्या एका विद्यापीठात पर्यावरण शिकतेय. तिथे दर गटाने विद्यापीठाच्या आवारातलीच एक गोष्ट अभ्यासायची आणि ती सुधारून दाखवायची. कुणी बेसिनचं पाणी झाडांना वळवलं, कुणी रिकाम्या वर्गांतले दिवे मोजले. सायलीने कॅन्टीनमधलं वाया जाणारं अन्न घेतलं. तिचा उपाय साधा: वाढायचा डाव छोटा करायचा, ताटात थोडंच घालायचं, आणि हवं तितक्या वेळा पुन्हा घेऊ द्यायचं. अख्खं सत्र हा प्रयोग चालला होता. त्या दिवशी जेवणानंतर समिती येऊन तो कायम ठेवायचा की गुंडाळायचा, ते ठरवणार होती. पालकांनाही बोलावणं होतं.

"बाबा, नक्की या. पण फक्त बघायला या," असं ती दोनदा म्हणाली.

त्या 'फक्त'ला कारण आहे. आम्ही रत्नागिरीकडचे. भाईंदरच्या आमच्या ग्रामस्थ मंडळात पंगत असली की वाढप माझ्याकडे. माझ्या पंगतीतून कुणी हलक्या पोटाने उठत नाही, हा माझा लौकिक. सायली तर लहानपणापासून डावा हात पानावर आडवा धरूनच जेवते. त्या हाताच्या बोटांच्या फटीतूनही मी जिलबी सोडलेली आहे.

जाणाऱ्यांसाठी सांगतो: भाईंदर पूर्वेहून बसने काशिमिरा, तिथून पुढे शेअर रिक्षा. हायवेला ट्रक अडले की अडले, म्हणून वेळ हाताशी ठेवून निघा. वडापाव-चहा धरून माझं जाणं शंभराच्या आत झालं. इस्त्रीचा शर्ट बघून रिक्षावाल्याने विचारलं, कॉलेज में एडमिशन लेना है क्या अंकल? म्हटलं, नहीं भाई, लडकी का रिझल्ट है.

आवार छान आहे. बेसिनच्या पाण्यावरची झाडं चांगली तरारलीत आणि मागून खाडीचा वारा येतो. कॅन्टीनला दोन काउंटर, दोन्हींच्या शेवटी उष्ट्याची एकेक बादली. जेवायला पुलाव, डाळ, भाजी, शिरा. आणि नेमका एका काउंटरचा वाढपी आलेला नव्हता. रांग लांबत चाललेली. माझ्याच्याने बघवेना. बाह्या सरसावल्या आणि उभा राहिलो.

सायली उष्टं मोजायच्या वजनकाट्याशी होती. तिथूनच म्हणाली, "बाबा, एकच डाव. लागलं तर येतील परत." मी मान डोलावली.

पहिली चार-पाच ताटं मी अगदी शिस्तीत वाढली, देवाशप्पथ. मग एक काडीपैलवान आला. हॉस्टेलवर राहतो म्हणाला. घरचं कधी जेवला असेल बिचारा, असं मनात आलं आणि हात सुटला तो सुटलाच. पोरं म्हणत होती, काका बस, अंकल थोडा ही. पण पंगतीत पहिलं 'बस' धरायचं नसतं, हे माझ्या हाताला इतक्या वर्षांचं ठाऊक. शिरा तर मी दोन-दोन डाव घातला. शेजारच्या काउंटरवरच्या ताई माझ्याकडे बघत राहिल्या होत्या.

तासाभराने मी बादल्या पाहिल्या. ताईंच्या बादलीचा जेमतेम तळ झाकला होता. माझी काठोकाठ भरलेली, वर शिऱ्याचा थर. माझं तोंड उतरलं. सत्रभर राबलेल्या पोरीच्या कामावर बापानेच पाणी फिरवलं होतं, आणि समिती दारात उभी.

सायलीच्या गटातली मैत्रीण हळूच म्हणाली, आज का दिन गिनती से छोड देते हैं. सायलीने मान हलवली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

समितीतल्या एका सरांची शंका जुनीच होती. मुलं सध्या तुमच्या देखत जपून जेवतात, तुम्ही पास होऊन गेलात की ये रे माझ्या मागल्या, असं ते म्हणाले. सायलीने दोन्ही बादल्या ओढत त्यांच्यासमोर आणल्या.

"सर, पोरं तीच, जेवण तेच. त्या काउंटरला एका वेळी एकच छोटा डाव वाढला. या काउंटरला माझे बाबा होते."

सगळे माझ्याकडे वळले. म्हटलं, सर, आग्रहाची सवय हो. कुणीतरी फिसकन हसलं, मग सगळेच. सर मात्र वाकून दोन्ही बादल्या बघत राहिले.

"म्हणजे पोरांना नाही, वाढणाऱ्याला शिकवायला हवं," ते म्हणाले. "छोटा डाव राहू दे. पुढच्या वर्षीही."

संध्याकाळी बापलेक घोडबंदरच्या किल्ल्यावर गेलो. जाच तुम्ही, उन्हं कलल्यावर. वरून खाडीचं वळण आणि पलीकडचे डोंगर दिसतात. फक्त पाणी सोबत न्या. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर तीच म्हणाली, "रागावले नाहीये. तुम्ही वाढत असताना नाही कसं म्हणायचं, ते मलाच अजून जमलेलं नाही. त्या पोरांना कुठून जमणार?"

मला फार वाईट वाटलं. प्रेमाने वाढत होतो हो मी. आणि या पोरीचा अभिमानही तेवढाच वाटत होता.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, काय आणलंत? पिशवीतून छोटा डाव काढून दाखवला. काशिमिऱ्याच्या भांडीवाल्याकडून घेतला होता.

परवा मंडळाची पूजा झाली. पंगतीत मी तोच डाव घेऊन फिरलो. आमचे नानाकाका मोठ्याने म्हणाले, "काय रे, हात आखडता घेतलास?" म्हटलं, परत येतो, काका. आणि आलो. प्रत्येकाकडे परत परत आलो. गुडघे बोलायला लागले, पण पानं स्वच्छ उठली.

शेवटच्या फेरीला सायलीपाशी पोचलो. जिलबी हवी का, म्हणून विचारलं. अर्धी द्या, म्हणाली. तिचा डावा हात मांडीवर होता.