बेटावर पाणी वर येतं का?

मेच्या पहिल्या रविवारी मी आणि पत्नी अंदमान सहलीचे वीस हजार आगाऊ भरायला ट्रॅव्हलवाल्याकडे गेलो. शेजारी पैठणकडची एक म्हातारी मुलासोबत बसली होती. बेटाच्या फोटोवर ती पाण्याच्या कडेकडेनं बोट फिरवत होती.

"रात्री पाणी वर येतं का रे?"

"बेट कुठं बुडतं, आजी?" ट्रॅव्हलवाला हसला.

"धरणाच्या वक्ताला आमच्या गावालाबी असंच सांगितलं व्हतं."

मी मुक्काम, जेवण, बोटीचं भाडं सगळं विचारलं होतं. हे विचारायचं मला सुचलं नव्हतं.

"माय, भ्या वाटत असंल तर राहू दे," मुलगा म्हणाला.

"येते की! समुद्र पाह्यचाय मला. खोली तेवढी माडीवरची घे."

माडीवरच्या खोलीचे दोन हजार जास्त पडत होते. मुलानं ते लगेच ट्रॅव्हलवाल्याला दिले.