कॉम्प्युटर दोन, लॉक एक

मिक्सरच्या माहितीपत्रकात "भांडे २ मी येथें आहें फिरवावे" असं छापून आलं, आणि नवा कॉम्प्युटर घ्यायचा की जुनाच सुधारायचा हा प्रश्न मला आणखी पुढे ढकलता येईना.

चूक माझी होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही चेन्नईत होतो आणि गिंडीतल्या एका कारखान्याला मी मिक्सरची मराठी माहितीपत्रकं लिहून, टाइप करून देत असे. तिथे मराठी वाचणारं कोणी नव्हतं. मी दिलं तसं छापलं गेलं, खोक्यांत भरलं गेलं आणि महाराष्ट्रात पोचलं. तिकडच्या एका विक्रेत्याचा फोन आला, "मॅडम, भांड्यात कोण बसलंय?" कारखान्याच्या मॅनेजरला विनोद कळला नाही. पुन्हा असं झालं तर काम मुंबईला देऊ, एवढंच तो म्हणाला.

भांड्यात कोण बसलं होतं ते मला माहीत होतं. कॉम्प्युटर खालच्या मजल्यावरच्या घरमालकीण मामींच्या यजमानांचा, म्हणजे मामांचा होता. मामी तंजावरच्या मराठी घरातल्या, 'म्हणाले'चं 'मणाले' करणाऱ्या. यजमानांचं घशाचं ऑपरेशन झालं, आवाज गेला, तेव्हापासून शेवटपर्यंत, म्हणजे तीन वर्षं, ते टाइप करून बोलत. बोटं हळू चालत, म्हणून त्यांनी शॉर्ट फॉर्म करून ठेवले होते. दोन अक्षरं दाबून स्पेस दिला की अख्खं वाक्य पडद्यावर यायचं. ते गेल्यावर मामींनी कॉम्प्युटर मला दिला. "ने गे, त्याला मराठी येतें," मणाल्या.

मराठी येत होतं ते लॉकमुळे. त्या काळी असली सॉफ्टवेअर लॉकवर चालत. लॉक म्हणजे काडेपेटीएवढा एक ठोकळा, मागे प्रिंटरच्या सॉकेटात खोचलेला. तो काढला की सॉफ्टवेअर उघडतच नसे.

मिनिटांसाठी मी 'मि' टाइप केलं की मामा हजर: मी येथें आहें. पहिल्या वेळी मी खुर्चीतून उठले होते. नंतर सवय झाली. ते शॉर्ट फॉर्म पुसायला एकदा बसलेही, पण मामी पाठीमागे उभ्या होत्या. "नको गे," एवढंच बोलल्या. मग मी 'मिनिटे' असं पूर्ण लिहायला लागले. एकदा घाईत राहून गेलं, ते छापलं गेलं.

मामी रोज दुपारी तीनला ताकाचा पेला घेऊन वर येत. मी 'जे' दाबून स्पेस देई. पडद्यावर येई: तूं जेवलीस काय? मामी पडद्याकडे बघून सांगत, "जेवलें. वत्तकोळंबु केलें होतें." मग मी कामाला लागे. नवरा म्हणायचा, "भाडं आपण भरतो आणि दुपारी मामा वर येऊन बसतात." मला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. दोन मिनिटांचं काम होतं.

पण कॉम्प्युटर आता चालेना. उन्हाळ्यात तापून मधेच बंद पडायचा, आणि कारखान्याकडून येणाऱ्या फाइली त्यात उघडत नव्हत्या. दुरुस्तीवाला आला. पन्नाशीचा, चष्मा कपाळावर ठेवणारा माणूस. झाकण काढून आत बघितलं आणि म्हणाला, "मॅडम, हा संग्रहालयात द्या."

"अपग्रेड केला तर?"

"बोर्ड नवा, मेमरी नवी, विंडोज नवं. सगळं फॉरमॅट करावं लागेल. तुमचं मराठीसुद्धा नव्या आवृत्तीचं टाकायचं. लॉक तेच चालेल."

"शॉर्ट फॉर्म?"

"ते जातील. जुन्या आवृत्तीची यादी नवी घेत नाही."

"आणि नवा घेतला तर?"

"मग हा असाच राहील. पण लॉक एकच आहे ना? ते ज्याला लावाल, त्यालाच मराठी."

म्हणजे जुना सुधारला तर मामा पुसले जाणार, नवा घेतला तर गप्प होणार. दुसरं लॉक घ्यायचं तर अख्खं सॉफ्टवेअर पुन्हा विकत घ्यायचं, आणि एका यादीपायी ते करणं मला मूर्खपणाचं वाटलं. मी व्यवहारी तोड काढली. सगळे शॉर्ट फॉर्म छापून काढले आणि कागद मामींच्या हातात दिले.

त्या बोट ठेवून वाचत गेल्या. दिवा मालव. औषध नको. दार कोणीं उघडलें? एका ओळीवर बोट थांबलं. वर कोण चालतें?

"हें रोज विचारायचे," मामी म्हणाल्या. "दुपारी, तीनच्या सुमारास."

"वर तेव्हा कोण होतं?"

"कोण असणार? कुलूप होतें. तुम्ही तर ते गेल्यावर आलांत."

मी तीनच्या सुमारास स्वयंपाकघर ते कॉम्प्युटर अशा फेऱ्या मारायचे. मशीन सुरू व्हायला वेळ लागायचा म्हणून. हे मी मामींना सांगितलं नाही.

त्यांनी कागद घडी न करता परत दिले. "कागद मला विचारत नाही जेवलीस काय मणून."

मी नवाच घ्यायचं ठरवलं. निदान काही पुसलं तरी जाणार नव्हतं. जुना खाली नेऊन मामांच्या टेबलावर ठेवला, मामींच्या समोर लॉक काढलं आणि खात्रीसाठी मशीन एकदा सुरू केलं. सॉफ्टवेअर आपोआप उघडायला गेलं, लॉक सापडत नाही अशी चौकट आली आणि ते बंद झालं. मामी बघत होत्या. "सरि, बरें," म्हणाल्या. लॉक मी पर्समध्ये टाकलं. नवा कॉम्प्युटर दोन दिवसांनी यायचा होता.

दुसऱ्या दिवशी तीनला मामी वर आल्या नाहीत. अर्धा तास वाट बघून मी खाली गेले. दार उघडंच होतं. पंखा पाचावर फिरत होता, भिंतीवरचं कॅलेंडर फडफडत होतं, आणि मामी पदर अंगाभोवती घट्ट धरून टेबलासमोर बसल्या होत्या.

"मामी, थंडी वाजत असेल तर पंखा कमी करू का?"

"नको. त्यांनीच मोठा करायला सांगितला."

पडद्यावर मराठीची खिडकी उघडी होती. त्यात एकच ओळ होती. पंखा मोठा कर.

"तुम्ही काय दाबलंत?"

"बटण. सुरू करायचें. मला दुसरें काय येतें?"

मी टेबलामागे वाकून बघितलं. सॉकेट रिकामं होतं. वर जाऊन पर्स उघडली. लॉक आतल्या कप्प्यात होतं. तिथूनच दुरुस्तीवाल्याला फोन केला. लॉकशिवाय ते सॉफ्टवेअर उघडेल का? "चान्स इल्ल, मॅडम," तो म्हणाला. तरी एखाद्या वेळी? तो हसला. "अहो, त्यासाठीच तर लॉक असतं."

मग मी कारखान्यात फोन करून पुढचं पत्रक आठवडाभर उशिरा मिळेल असं कळवलं. मॅनेजर कुरकुरला, पण तयार झाला. पुण्याच्या सॉफ्टवेअरवाल्याकडून तेच मराठीचं सॉफ्टवेअर पुन्हा मागवलं, लॉकसकट. जे मूर्खपणाचं वाटलं होतं तेच केलं. मग जुनं लॉक घेऊन खाली गेले आणि ते टेबलामागच्या सॉकेटात घट्ट बसवलं.

"आतां कशाला गे?" मामी म्हणाल्या. "बोलतात की."

"असू दे, मामी."

बोलायचंच असेल तर त्यांनी लॉक लावून बोलावं. मला निदान तेवढं कारण हवं होतं.