एकाच जागी उभा राहणारा चंद्र

वायरलेसभाऊ वाघाला भीत नसत. आलापल्लीच्या लाकूड डेपोतून घरी जाताना वाटेत ताजे पंजे दिसले तरी ते बाजूने निघून जात. पण डेपोतलं बिनतारी यंत्र त्यांच्याकडे होतं, ते गप्प झालं की हातातलं काम टाकून ते तिकडे धावत. जेवतानासुद्धा त्यांचा एक कान तिकडेच असे.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. मी तिथल्या दवाखान्यात नर्स होते. एका पावसाळ्यात त्यांच्या बायकोला साप चावला. आमच्याकडे औषध नव्हतं. जिल्ह्याच्या गावाहून, चांद्याहून, ते मागवण्याचा निरोप विजांच्या खरखरीत तीनदा तुटला. चौथ्यांदा पोचला, तोवर मी तिचे डोळे मिटले होते.

रशियाने आपला बनावट चंद्र आभाळात सोडला त्या वर्षी, दिवेलागणीला आम्ही डेपोच्या आवारात उभे होतो. एक ठिपका आभाळातून सरकत गेला. बायकांनी पोरं आत ओढली.

"भाऊ, हे आपल्यावर पडन का?" चौकीदाराने विचारलं.

"नाई पडत," ते म्हणाले. चेहरा मात्र उतरला होता.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या पायरीवर बसून मला म्हणाले, "बाई, मले यंत्रावर त्याची पिप-पिप ऐकू आली. पुढं असा चंद्र सोडनार म्हन्तात, का तो धरतीसंगंच फिरन. आपल्याले वाटन, एकाच जागी उभा हाये. इथून निरोप मारला का त्याले लागून सरळ चांद्यात पोचन. मंग इजा पडो का तुफान येवो."

"मग घाबरता कशाला?"

"कालचा तं निघून गेला. तो पुढचा हलनारच नाई. डोक्यावर कायमचा कोनाचा तरी डोळा राहीन." पायरीवरून उठता उठता म्हणाले, "तरी पायजे."

पुढच्या पावसाळ्यात एका माडिया बाईचं बाळ आडवं आलं. डॉक्टर सिरोंच्याला दौऱ्यावर होते. भाऊ सकाळपासून यंत्रापुढून उठले नाहीत. विजा थांबल्या की डॉक्टरांना बोलावण्याचा तोच निरोप, पुन्हा तोच. दुपारी तो पोचला. संध्याकाळी डॉक्टरांची जीप आली. आई वाचली, बाळ गेलं.

"निरोप उशिरा गेला का, बाई?"

"नाही भाऊ. वेळेत गेला."

भाऊंची बदली झाली तेव्हा मोटारीत चढता चढता त्यांनी पुन्हा तेच विचारलं. मीही तेच सांगितलं. ते ट्रंक उचलून आत गेले. तासभर आधी आलो असतो तर बाळही वाचलं असतं, असं डॉक्टर मला म्हणाले होते.