कोर्ट उठेपर्यंत

"आन् मंग?" असं म्हणून ती डोळे बारीक करायची आणि समोरच्याकडे बघत राहायची. चहा फक्कड झालाय असं कुणी म्हटलं तरी तिचं "आन् मंग?" ठरलेलं. गोड बोलणाऱ्याला पुढे काहीतरी हवं असतं, असा तिचा आयुष्यभराचा अनुभव होता.

मुंबई-पुणे रस्त्यावर, कुंभिवलीच्या थोडं अलीकडे, तिची चहाची टपरी होती. आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. मी नुकती वकिली सुरू केली होती. राहायला कर्जतला, पण कामं खालापूरकडचीही असत, म्हणून त्या टपरीवर थांबणं व्हायचं.

ती मुलगा म्हणून जन्माला आली होती. वयात येता येता घर सुटलं. तिच्यासारख्यांच्या एका घरात काही वर्षं काढली, पण तिथेही कुणावर विश्वास बसेना, म्हणून एकटी राहू लागली. लोक तिला काय म्हणत ते तुम्हाला सांगायला नको. मी तिला बाई म्हणायचो. पहिल्यांदा म्हणालो, तेव्हा तिने कप हातात न देता फळीवर ठेवला.

"वकीलबाबा, बाई कशापायी म्हनता? काय काम काढलंय?"

दूधवाल्याला ती आधी त्याचंच दूध प्यायला लावायची. तो बिचारा रोज अर्धा पेला पिऊन मिशा पुसायचा. गिऱ्हाइकं हसायची, मीही हसायचो. मग एकदा कळलं, की पूर्वी कुणीतरी तिच्या दुधात खरोखरच काहीतरी कालवलं होतं. तेव्हापासून मी हसायचं सोडलं.

रस्त्यापलीकडे गॅरेज होतं. त्या गॅरेजवाल्याने एकदा चारचौघांत तिच्या पदराला हात घातला. तिने उकळत्या चहाचं पातेलं उचललं. तो मागे सरकताना बाकावरून पडला आणि लोक त्याला हसले. दोन दिवसांनी भर दुपारी तो दोघांना घेऊन आला. तिला रस्त्यावर ओढून मारलं. मग धरून ठेवून कात्रीने तिचे केस कापले. कमरेपर्यंतचे केस होते. ट्रकवाले गाड्या थांबवून बघत होते.

दुसऱ्या दिवशी ती डोक्यावरून पदर घट्ट ओढून माझ्याकडे आली.

"चौकीत तक्रार देऊ," मी म्हणालो.

"आन् मंग?"

"त्यांना पकडतील."

"आन् मंग?"

"केस उभी राहील. तारीख पडेल."

"तारखेला मी येष्टीनं येनार. त्येबी त्याच येष्टीनं येनार. मंग वो?"

तरी मी तिला घेऊन गेलो.

खालापूरच्या चौकीतल्या हवालदाराने पेन उघडलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, "पुरुष लिहू का बाई?" बाई लिहिलं तर विनयभंगाचं कलम लागत होतं. त्याने पुरुष लिहिलं. मग उरली साधी मारपीट, शेताच्या बांधावरून भाऊभाऊ करतात तसली. केस कापल्याचं काय, म्हणून मी हटून बसलो. तो म्हणाला, "साहेब, केस तर न्हावीबी कापतो." ती अशी आहे म्हणून तिला मारलं, एवढी साधी गोष्ट लिहायला कायद्यात जागाच नव्हती.

परत येताना स्टँडवर तिने विचारलं, "तुमच्या लोकांसाटी कायदा झाला ना, शिवाशिवीचा? मंग पानी मिळालं?"

आमचं घर बौद्ध. हा प्रश्न मला कुणी इतका सरळ विचारला नव्हता. "मिळालं," मी म्हणालो. "कायदा झाल्यावर बऱ्याच वर्षांनी. वडलांनी विहिरीत घागर सोडली, तेव्हा मागे सगळी वस्ती उभी होती."

"आन् वस्ती नसती तर?"

"कायदा होता म्हणून तर वस्ती उभी राहिली."

"माजी वस्ती कुटं हाय?" असं म्हणून तिने पिशवी उचलली.

केस चालली. पलीकडच्या वकिलाने भर कोर्टात विचारलं, "तुझा नवरा कोण?" सगळे हसले. ती शांतपणे म्हणाली, "तुमाला कशाला पायजे?" मग सगळे पुन्हा हसले, पण या वेळी त्या वकिलाला. एक ट्रकवाला आपणहून साक्षीला आला. त्याने जे पाहिलं ते धडाधड सांगून टाकलं. मला केवढा आनंद झाला. ती मात्र माझ्या कानाशी लागली, "ह्याला कुनी पाटवलाय?"

तिघांवर गुन्हा शाबीत झाला. शिक्षा झाली थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. म्हणजे संध्याकाळी कोर्टाचं काम संपेपर्यंत तिथेच बसायचं आणि मग घरी जायचं. मी तिला हे समजावून सांगितलं. तिला वाटलं, मी थट्टा करतोय.

"कोर्ट कदी उटतं?"

"संध्याकाळी."

"मी बगते, खरंच बसवत्यात का."

आणि ती व्हरांड्यात बसून राहिली. मी तिला भजी आणून दिली. तिने आधी मला एक खायला लावलं. संध्याकाळी तिघे बाहेर पडले. दोघे हसत होते. गॅरेजवाला हसत नव्हता. ते दिसेनासे झाले, तेव्हा ती म्हणाली, "आता त्यांच्याकडं मला मारायची दोन कारनं झाली."

पुढे काही आठवड्यांनी ती पुन्हा माझ्याकडे आली. या वेळी अंगावर कसलाही वळ नव्हता.

"त्यो रोज येतो," ती म्हणाली. "च्या घेतो. काय बोलत नाय. बसतो आन् बगतो."

"काही केलं का त्याने?"

"नाय."

"धमकी?"

"नाय वो."

चहा पिणं हा गुन्हा नाही. मी म्हणालो, "त्याने काही केलं, तर लगेच मला कळवा."

ती माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे आदी करू दे?"

त्यानंतर खालापूरच्या बाजूला गेलो, तेव्हा टपरी बंद होती. चूल थंड, भांडी नाहीत. शेजारी भाजी विकणाऱ्या बाईला विचारलं. तिनेही आधी मला नीट न्याहाळून घेतलं.

"गेली. सोताच्या पायानं, दिवसाढवळ्या, गॅरेज बंद व्हतं त्या दिवशी. मी पातेली येष्टीत चडवून दिली. कुटं गेली ते इचारू नका. मला ठावं हाय, पन तुमाला सांगनार नाय."

मला बरं वाटलं. म्हणजे तिला वस्ती नव्हतीच असं नाही, एका बाईची तरी होती.

तेवढ्यात गॅरेजवाला रस्ता ओलांडून आला. हाताला ग्रीस तसंच होतं. बंद टपरीकडे बघत त्याने आवाज खाली आणला.

"वकीलसाहेब, तिचं काय झालं वो? मी काय केलेलं नाय. आईशप्पत. पन नाव माजंच येनार ना? आदीची केस हाय माज्यावर. मला इचारतील का?"

भाजीवाली मान खाली घालून मेथीच्या जुड्या लावत होती. तिच्यासारखीसाठी चौकीतून कुणी इथवर येणार नाही, हे मला पक्कं माहीत होतं. 

"विचारतील," मी म्हणालो. "तयारीत राहा."

त्याच्या कपाळावर घाम आला. तिच्याच बाकावर तो मटकन बसला आणि खालापूरकडून येणारी प्रत्येक गाडी मान उंचावून बघू लागला.