साखरेचं पक्कं कुपन

मदनआण्णा मगदूम यांच्या घरी पाणी गाळून पितात. सांगलीतल्या कुठल्याही जैन घरात ही रीत असते, त्यात नवल नाही. नवल हे, की मदनआण्णा माणूसही गाळून घेतात.

खणभागातल्या त्यांच्या छापखान्यात कुणी लग्नपत्रिका छापायला आला की आण्णांचा पहिला प्रश्न असतो, "नवरीकडच्यांना माहीत आहे ना?" गिऱ्हाईक हसतं. आण्णा हसत नाहीत. खिशात पेनाच्या जागी त्यांनी जांभळ्या उजेडाची बारकी टॉर्च अडकवलेली असते. नोट आली, टॉर्च. औषधाचं खोकं आलं, टॉर्च. भाच्याला दहावीत नव्वद टक्के मिळाले तेव्हा अख्खं घर पेढे खात होतं आणि आण्णा गुणपत्रिका खिडकीच्या उन्हात धरून उलटसुलट करत होते. शेवटी म्हणाले, "कागद खरा आहे. मार्कांचं तुमचं तुम्ही बघा." बहीण त्यानंतर वर्षभर माहेरी आली नाही.

माणूस जन्मतः असा नसतो. आण्णांना असं केलं ते कुस्तीच्या एका मैदानानं. पाहुण्यांचे पास आण्णांनी छापले होते, गुळगुळीत कागदावर, सोनेरी किनारीचे. कुणीतरी त्यांच्या रंगीत झेरॉक्स काढल्या. मैदानाच्या दिवशी पुढच्या खुर्च्यांवर भलतीच मंडळी पाय पसरून बसली आणि ज्या वस्तादांचा सत्कार होता ते शामियान्याच्या खांबाला टेकून उभे. लोक झेरॉक्सवाल्याला नाही, आण्णांना बोलले. त्या दिवशी आण्णांनी ठरवलं, की आपल्या छापखान्यातून बाहेर पडणाऱ्या कागदाची नक्कल ब्रह्मदेवालाही जमता कामा नये. मग ते पुण्याला जाऊन चार गोष्टी शिकले, मुंबईहून शाया मागवल्या, आणि जगाकडे तिरक्या मानेनं बघू लागले.

यंदा त्यांना वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याचं काम मिळालं. कारखान्याचं नाव आण्णा फोनवरसुद्धा घेत नसत, तेव्हा इथंही नको. दिवाळीला सभासदांना सवलतीची साखर मिळते, तिची कुपनं छापायची होती. ऊस घालणाऱ्या घरात ही साखर म्हणजे नुसती साखर नव्हे. दुकानात पोत्यांनी मिळते, पण करंजीत आपल्या कारखान्याची साखर पडली नाही तर दिवाळी शेजाऱ्याची वाटते. गेल्या वर्षी बोगस कुपनांनी गोंधळ केला. ज्यांच्या शेतात उसाचं एक कांडं नाही ते पोतं उचलून गेले आणि खरे सभासद रिकाम्या पिशव्या घेऊन परतले. म्हणून यंदा पक्कं कुपन.

आण्णांनी जीव ओतला. कुपनाच्या भोवती नोटेवर असते तशी गुंतागुंतीची जाळी. मधलं कारखान्याचं चिन्ह उठावाचं, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं, बोट फिरवलं की लागणारं. कोपऱ्यात हिरव्या उसाचं चित्र अशा शाईत, की अंगठ्यानं घासलं तर उबेनं ऊस गायब आणि गार झालं की पुन्हा हजर. आणि टॉर्च मारली तर कुपनभर पिवळे ठिपके चमकणार. छपाई चालू असताना आण्णा दार लावून घेत आणि मशीन चालवणाऱ्या गुंडा नावाच्या कामगाराला घरी जाताना खिसे उलटे करायला लावत. गुंडा पंधरा वर्षं कामावर असलेला जुना माणूस.

"आण्णा, माझ्या खिशात काय घावणार? तंबाखूची पुडी."

"ती उघड."

कुपनं वाटायच्या दिवशी आण्णा स्वतः तिथल्या एका गावात, कारखान्याच्या गट ऑफिसला गेले आणि सभासदांपुढं उभे राहून भाषण केलं. "मंडळी, हे कुपन म्हणजे साधा कागद नव्हे. पाणी लागू देऊ नका. घामट हात लावू नका. दुमडू नका, चुरगाळू नका. याला काही झालं तर साखर गेली म्हणून समजा. जिवापाड जपा!" लोकांनी टाळ्या वाजवल्या. आयुष्यात आपलं कुणी इतकं मनावर घेत नाही, असं आण्णांना नेहमी वाटे. त्या दिवशी वाटलं नाही.

साखर वाटायच्या सकाळी फोन आला. गट ऑफिसचा क्लार्क दादासो ओरडतच होता.

"आण्णा, लगोलग या. कुपनं समदी बोगस हायती!"

"समदी? काही असतील."

"समदी! टॉर्च मारली, ठिपका न्हाई. बोट फिरवलं, गुळगुळीत. घासून घासून माझा अंगठा सोलला, ऊस काय हलंना. बाया खवळल्यात. हेड ऑफिसनं सांगितलंय, दुपारपत्तर उलगडा झाला न्हाई तर साखरंचा ट्रक माघारी, आन तुमचा छापखाना कायमचा काळ्या यादीत."

आण्णांनी भिंग आणि नमुन्याचं एक कुपन खिशात टाकलं. त्या दिवशी चंदनबालाताई, म्हणजे आण्णांच्या सौभाग्यवती, फराळाचे डबे घेऊन आष्ट्याला माहेरी निघाल्या होत्या आणि आण्णा त्यांना सोडणार होते. आता व्हॅन आष्टा ओलांडून सरळ पुढं निघाली. गुंडा चालवत होता, आण्णा शेजारी, चंदनबालाताई मागं मांडीवर चकल्या सांभाळत. माहेरचा फाटा मागं गेला तशा त्या नुसत्या "बरं" म्हणाल्या. हा "बरं" कसला आहे हे तीस वर्षांच्या संसारातही आण्णांना टॉर्च मारून कळलं नव्हतं.

पण आत्ता त्यांचं लक्ष गुंडाच्या कानशिलाकडे होतं. अस्सल कुपनं बाहेर गेली, सगळी बोगस होऊन आली. याचा अर्थ कुणीतरी अख्खा गठ्ठा बदलला.

"गुंडा, छपाईच्या शेवटच्या दिवशी तू चहाला गेलास तेव्हा शर्ट पुढं फुगला होता."

गुंडानं गिअर बदलला.

"बोल. काय होतं शर्टात?"

"आता इचारलंय म्हून सांगतो. बटाटेवडं हुतं आण्णा. तुमच्या म्होरं बटाटा कसा खायाचा? मशीनच्या मागं बसून खाल्लं."

मागून चंदनबालाताईंचं हसू फुटलं. आण्णा हसले नाहीत. बटाटा ही सबब चांगली होती, आणि चांगल्या सबबीचा त्यांना फार संशय येई. मग त्यांनी मार्केट यार्डाजवळच्या दुसऱ्या छापखान्याचा संशय घेतला, मग शाईवाल्याचा, मग दादासोचा आणि इस्लामपूर जवळ येईतो खुद्द कारखान्याच्या अध्यक्षांचाही घेऊन झाला.

गट ऑफिससमोर जत्रा जमली होती. साखरेचा ट्रक उभा, ड्रायव्हर टपावर बसून शेंगा खातोय, आणि खाली रांग नव्हे, नुसता कल्ला. आण्णा उतरताच कुणीतरी म्हणालं, "ह्यो बघा छापखानंवाला. ह्याच्याच घरातनं फुटलं असंल."

सगळ्यात पुढं अंबूबाई उभ्या होत्या. साडेचार फुटांच्या, नऊवारीचा काष्टा घट्ट, दोन मुलगे फौजेत आणि तिसरा भरतीच्या तयारीत. त्यांनी कुपन आण्णांच्या नाकासमोर धरलं.

"माजं कुपन बोगस? सासरा ह्या कारखान्याचा पयल्या दिसापासनं सभासद हुता. मी काय चोर हाय?"

आण्णांनी कुपन हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा बदलला. कुपन गार होतं. चकचकीत होतं. कडेला बोटभर प्लॅस्टिक होतं.

"आज्जी, हे काय केलंय?"

"लॅमिनेशन!" अंबूबाई अभिमानानं म्हणाल्या. "समद्या गावानं केलंय. आमचा जोतीराम हाय न्हवं."

जोतीराम गर्दीतून पुढं आले. रिटायर्ड हवालदार, पांढऱ्या मिशा, ताठ कणा. चावडीजवळ त्यांचं दाखले-झेरॉक्सचं सेवा केंद्र होतं. "आण्णा, तुमीच आर्डर दिल्ती. पानी नको, घाम नको, जिवापाड जपा. फौजेत कागद जपायचा म्हंजे लॅमिनेशन. माझ्या पेन्शनचं केलंय, नातवाच्या जन्माचं केलंय, सुनंच्या साखरपुड्याच्या पत्रिकंचं केलंय. तुमचं भाषान झालं आन त्याच सांजेला म्या मशीन तापवली. लोकांची रांग चावडीपत्तर."

आण्णा दादासोकडे वळले. "तुम्हाला दिसलं नाही?"

"म्या बंद पाकिटंच वाटलीती. मला वाटलं, प्लॅस्टिक तुमचंच. नवं टेक्निक असंल म्हून गप बसलो."

आता सगळा उलगडा झाला, आणि तो आण्णांच्याच भाषणापाशी येऊन थांबला. लॅमिनेशनच्या तापल्या रुळांतून कुपन गेलं, तसा उठाव वितळून सपाट झाला. उबेनं हलणाऱ्या शाईला इतकी धग लागली, की ऊस जागच्या जागी कायमचा आखडला. टॉर्च मारली तर प्लॅस्टिकच निळं चमकायचं, त्यात बिचारे पिवळे ठिपके कुठले दिसायला. जगातल्या यच्चयावत चोरांना गृहीत धरून बनवलेलं कुपन एका गावाच्या आज्ञाधारकपणानं मारलं होतं.

"मंग समदी खरी धरू?" दादासो म्हणाला. "आन त्यात चार बोगस असली तर? गेल्या साली माझी दोन महिन्यांची झोप उडालीया. तुमी सांगा, खरं कुठलं? न्हाईतर ट्रक लावतो माघारी."

खरं कुठलं, हे सांगता येत होतं. कुपनाच्या खालच्या कडेला एक बारीक हिरवी रेघ होती. लोकांना ती रेघ दिसे. ती रेघ नव्हती, अक्षरं होती, इतकी बारीक की झेरॉक्स काढली तर त्यांचा नुसता चिखल व्हावा. लॅमिनेशननं तिचं काही बिघडणार नव्हतं. हे आण्णांनी गुंडाला सांगितलं नव्हतं, कारखान्याला सांगितलं नव्हतं, आणि मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हते. एक तर सांगितलेली खूण मेलेली खूण. आणि दुसरं कारण त्या अक्षरांत होतं.

त्यांनी भिंग काढलं, अंबूबाईंचं कुपन त्याखाली धरलं आणि म्हणाले, "हे खरं. द्या साखर."

"कशावरनं?" दादासो म्हणाला.

"मी सांगतो म्हणून."

"वा! दुसऱ्याचं कवा तुमी असं आयकलंय का?"

गर्दीत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, वळखीच्या लोकांस्नी पास करतोय. मागून एकजण ओरडला, "आमाला दावा भिंगात काय हाय ते!" ड्रायव्हरनं शेंगांची टरफलं झटकली आणि तो टपावरून खाली उतरला. अंबूबाई रिकामी पिशवी छातीशी धरून आण्णांकडे बघत होत्या. रागानं नव्हे. ज्याच्यावर कधी कुणी संशय घेतला नाही, अशा माणसाच्या नजरेनं.

आण्णांनी मागं व्हॅनकडे पाहिलं. मग भिंग अंबूबाईंच्या हातात दिलं.

"वाचा आज्जी."

अंबूबाई साक्षरता वर्गात शिकलेल्या. एकेक अक्षर दगडासारखं उचलून ठेवत त्यांनी वाचलं, तेही खणखणीत आवाजात. "चं-द-न-बा-ला. चंदनबाला. चंदनबाला. आवं, ही तर तीच-तीच हाय! समद्या रेघंत हीच! कोन ही चंदनबाला?"

आण्णांनी मान खाली घातली. "आमच्या मंडळी."

मग जो हशा उसळला तो पार ट्रकच्या पलीकडे गेला. जोतीराम मिशीत हसत सलाम ठोकून मोकळे झाले. दादासोनं भिंग हिसकावलं, स्वतः पाहिलं, आणि आदरानं आण्णांकडे पाहिलं. "आण्णा, पर का?"

का, ते आण्णांना नीट सांगता येईना. देवाचं नाव घालावं तर चोरही देवभक्त असतो. कारखान्याचं घालावं तर ते कुणीही ओळखेल. पक्कं, खात्रीचं, ज्यात खोट नाही असं एक नाव घालायचं म्हणून ते संगणकासमोर बसले होते, आणि एवढ्या मोठ्या जगात त्यांना दुसरं सुचलंच नव्हतं. हे चारचौघांत कसं बोलायचं? ते म्हणाले, "अक्षरं बरोबर बसत होती."

रांग लागली. अंबूबाईंना पहिलं पोतं मिळालं. प्रत्येक बाई भिंगातून बघायची, "चंदनबाला" म्हणायची आणि पुढं सरकायची, जणू दर्शनाची रांग. भिंग फिरू लागलं तशा चार-दोन गड्यांना चुलीवर दूध ठेवल्याची आठवण झाली आणि ते कुपन घेऊन मागच्या मागं पसार झाले. त्यांचा पाठलाग कुणी केला नाही. ट्रक दुपारच्या आत रिकामा झाला. खूण सगळ्या गावाला कळली, म्हणजे पुढच्या वर्षी नवी शोधावी लागणार होती. पण छापखाना वाचला होता आणि आण्णांना बऱ्याच दिवसांनी मान सरळ झाल्यासारखी वाटत होती.

व्हॅन आष्ट्याकडे निघाली. मागं चंदनबालाताई चकल्यांचा डबा मांडीवर धरून बसल्या होत्या. गावातल्या बायांनी निघताना त्यांना ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आण्णांना वाटलं, आता बोलतील काहीतरी गोड. त्यांनी हळूच मागं वळून पाहिलं.

"अहो," चंदनबालाताई म्हणाल्या, "तीस वर्षांत गजरा आणला नाही कधी."

"अगं, फुलात भेसळ असते. रंग मारतात."

"ते राहू द्या. एकदम हजारो वेळा नाव? खरं सांगा, काय लपवताय?"

"काही नाही. शप्पथ."

"शप्पथ तुम्ही कुणाची खरी मानलीय? गुंडा, तुला काय माहीत आहे?"

"मला काय न्हाई वैनी," गुंडा घाईघाईनं म्हणाला. "मी बटाटेवडं खात हुतो."

"तुमच्या खिशात नमुन्याचं कुपन असेल. द्या इकडं. आणि ते भिंगही द्या."

आण्णांनी मुकाट्यानं दोन्ही मागं सरकवलं. चंदनबालाताईंनी चकल्यांचा डबा बाजूला ठेवला, पदरानं काच पुसली आणि रेघेच्या अगदी पहिल्या अक्षरावर भिंग टेकवलं.

"रस्ता खराब आहे गं, डोळे दुखतील. सगळीकडं तेच आहे."

"असेल," त्या म्हणाल्या, मान वर न करता. "मधेच कुठं दुसरीचं नाव नाही ना, तेवढं बघते. गुंडा, हळू चालव."