कॅरिअर नसलेली सायकल

नवऱ्याचा राग यायला द्वारकाबाईंना फारसं कारण लागत नसे. या खेपेला मात्र कारण चांगलं नव्वद हजारांचं होतं.

टेंभुर्णीपासून चार किलोमीटरवर, टेकडीच्या अंगाला त्यांचं अडीच एकर शेत होतं. वडिलांनी त्यांच्या नावावर करून दिलेलं. ही आठवण कोणी काढलेली रामप्रसादला आवडत नसे, म्हणून द्वारकाबाई ती आठवड्यातून एकदा तरी काढत. अठ्ठावीस वर्षं दोघं एकाच सायकलवरून शेतात जात होती. रामप्रसाद पुढे, द्वारकाबाई मागे कॅरिअरवर, घडी घातलेल्या पोत्यावर, मांडीवर भाकरीचं गठुडं. एकदा मोटारसायकलवरून पडल्यापासून रामप्रसादनं पेट्रोलच्या गाडीला हात लावला नव्हता. शिवाय सायकलवर भांडण छान जमे. एकमेकांची तोंडं दिसत नसल्यामुळे दोघंही मनातलं बोलत.

गेल्या वर्षी द्वारकाबाईंचा घोटा मोडला आणि वाकडाच जुळला. रामप्रसादचा गुडघाही चढावर बोलायला लागला. पुण्याहून लेकानं, कल्याणनं, फोनवर सांगितलं की बॅटरीची सायकल घ्या, डोंगरात चालणारी.

झालं! महिनाभर रामप्रसादला दुसरा विषय उरला नाही. मोटर किती वॅटची, बॅटरी किती वर्षं टिकते, चढावर किती खाते, हे तो जेवतानासुद्धा सांगे.

"नव्वद हजारांत म्हैस आली असती," द्वारकाबाई म्हणाल्या.

"मंग म्हशीवर बसून जाऊ का शेतात?"

पण घोटा ठणकत होता आणि शेत सुटायला नको होतं. कापसाचे पैसे शेवटी त्यांनीच काढून दिले.

जुन्या जालन्यातल्या दुकानात दुकानदार सांगत होता, "पायडल मारत राह्यलं तर बराबर सत्तर किलोमीटर जाती, काका."

द्वारकाबाईंनी गाडीला एक फेरी घातली. टायर जाड, ब्रेक चकचकीत, सीट मूठभर. मागं काहीच नव्हतं.

"मी कुठं बसू?"

"काकू, ही माउंटन बाईक हाय. सिंगल सीटच असती. कॅरिअर लावून देतो, पण पंचवीस किलोच्या वर बिलकुल चालत न्हाई."

"मी पंचवीस किलोची दिसून राह्यले का तुम्हाला?"

रामप्रसाद हँडल चाचपत म्हणाला, "भाकरीचं गठुडं बसंल की. तुझा पाय असा. तू कशाला येतीस आता? मी पाहतो ना शेताचं."

महिनाभर वॅट मोजणाऱ्या माणसाला हे काही आत्ता सुचलं नव्हतं. द्वारकाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. पण परक्यासमोर नवऱ्याचा पाणउतारा करायचा नाही, एवढी एक मर्यादा त्या पाळत. बाकी कुठलीच पाळत नसत.

"घ्या," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामप्रसाद भांग पाडून, बॅटरी भरून निघाला, तर चुलीपाशी गठुडं नव्हतं आणि बायकोही नव्हती.

पांदीत त्यानं त्यांना गाठलं. दोन्हीकडून बाभळी, मधे एका माणसापुरती वाट. डोक्यावर गठुडं, हातात काठी, द्वारकाबाई लंगडत चालल्या होत्या. घोट्यातली कळ मस्तकात जात होती. मागून घंटी वाजली. त्यांनी ती ऐकली आणि पाऊल आणखी हळू टाकलं.

"सरक जरा," रामप्रसाद म्हणाला.

त्या सरकल्या नाहीत.

"अगं, पुढं चढ हाय. एवढ्या हळू चालवता येत न्हाई ही."

"मंग उतरा."

"लई जड हाय, ढकलवत न्हाई."

"शेत कुठं पळून न्हाई चाललं. माझ्या नावावर हाय, माझ्या मागून या."

रामप्रसाद उतरला. टेकडीच्या चढावर त्या दर दहा पावलांना थांबत, तोही थांबे, आणि दुखऱ्या गुडघ्यानं गाडी पुन्हा रेटे. शेताच्या बांधाशी पोचला तेव्हा त्याचा सदरा घामानं चिंब झाला होता, आणि बॅटरी काठोकाठ भरलेली होती.