उपाशी रांग

कृष्णाबाईच्या दारातून आपण उपाशी गेलो असं कोणी सांगितलं, तर तो थापा मारतोय असं खुशाल समजा. वसईच्या खाडीकाठच्या त्या घरात वायरमन आला तरी आधी तांदळाची भाकरी, मग मीटर. त्याला कारण होतं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी बांध फुटून खाडीचं पाणी शेतात शिरलं होतं आणि नव्या सुनेचं ताट सगळ्यांत शेवटी, तेही बरेचदा रिकामंच. सत्तरी उलटली तरी बाई ती भूक विसरली नव्हती.

अशा बाईवर तिच्या नातीने, तेजस्वीने, काम कोणतं सोपवावं? रोपं उपाशी ठेवायचं! घ्या आता.

तेजस्वी एमएस्सी करत होती. अंगणात तिने आजीच्याच खाऱ्या शेतातल्या लाल भाताची रोपं वीस कुंड्यांत लावली होती, दहा-दहाच्या दोन रांगांत. दोन्ही रांगांना खारं पाणी, पण फॉस्फेटचं खत एकाच रांगेला.

"मुळांत प्रथिनं असतात, आजी, दारवानासारखी," तिने समजावलं. "ती फॉस्फेट आत ओढून घेतात. उपासमार झाली की झाड आणखी दारवान उभे करतं. खाऱ्या पाण्यात तुझा भात ते किती उभे करतो, ते मला बघायचंय. मी पंधरा दिवस पुण्याला आहे. या उपाशी रांगेला माझ्या बाटलीतल्या पाण्याशिवाय काही घालू नकोस."

"नाय गो घालनार," आजी म्हणाली.

तीन दिवस तिने शब्द पाळला. चौथ्या दिवशी ती मांदेली साफ करत बसली होती. मासळी धुतलेलं पाणी एरवी कढीपत्त्याला जायचं. पण समोर ती दहा रोपं खुरटलेली, पानं काळपट पडलेली. "प्या गो बायांनो," म्हणत तिने पातेलं त्या रांगेत रिकामं केलं. मग रोजच.

तेजस्वी परतली ती अंगणातच किंचाळली. "आजी! उपाशीपोटी, खाऱ्या पाण्यात तरारलाय गं तुझा भात! माझ्या प्रबंधात नाव येणार त्याचं!"

ज्या भाताला पोटचा मुलगा भूपेश "जाडाभरडा" म्हणून नाक मुरडायचा, त्याचं हे कौतुक! कृष्णाबाई गप्प बसली असती तर कोणाच्या बापाला कळणार होतं? पण दुपारी जेवायला बसल्यावर तिने ताट सरकवलं.

"पोरी, मी त्यांना मासलीचं पानी घातलं. रोज."

मासळीच्या त्या पाण्यात फॉस्फेटच तर होतं. सगळं मुसळ केरात! पुन्हा पेरायचं म्हणजे प्रबंध लांबणार, कदाचित वर्षही जाणार. तेजस्वी रडली, आजीवर ओरडली, मग आजीच्याच मांडीवर डोकं टेकून पुन्हा रडली. "एकदा तरी कोणाला उपाशी राहू दे ना गं!"

दुसऱ्या दिवशी कणगीतलं बियाणं कृष्णाबाईनेच काढून दिलं.

या खेपेला महिनाभर मासळीचं पाणी तिने शेजारच्या हंसाच्या केळींना नेऊन ओतलं. जेवायला अंगणाकडे पाठ करून बसायची. रोपं खुरटली तेव्हा आत जाऊन डोळे पुसायची, पण हात आवरला.

शेवटच्या दिवशी तेजस्वीने पानं मोजली, मुळांचे टोकाचे तुकडे कापून घेतले, रोपं परत कुंड्यांत खोचली.

"आजी, सात जगली! फॉस्फेट नसताना सात!"

"आनि तीन?"

तेजस्वीने तीन सुकलेल्या कुंड्या बाजूला सरकवल्या.

"झालं ना तुझं?" कृष्णाबाईने विचारलं. "आता घालू?"

"घाल गं, आजी."

मोरीमागे झाकून ठेवलेलं मासळीच्या पाण्याचं पातेलं तिने सकाळीच भरलं होतं. सातांना घातलं, आणि उरलेलं त्या तीन सुकलेल्या कुंड्यांत, थेंबही न राखता.